रस्ता कोणाचा, साहस कोणाचे?

बालसाहित्यातील साहसकथेचा एक साचा ठरून गेला आहे. हुशार भावंडे, समजूतदार आईबाप, लांबचा मोटारप्रवास, वाटेत संकट आणि मुलांच्या बुद्धीने त्यातून सुटका. हे अनुभवविश्व सर्वच मुलांचे आहे, असे प्रस्थापित समीक्षा गृहीत धरते. मला ते मान्य नाही.

मॅडेलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेची ‘द मून बाय नाइट’ ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली. डॉक्टर ऑस्टिन यांचे गोरे कुटुंब तंबू बरोबर घेऊन मोटारीने देश पाहायला निघते. मुले वाचणारी, विचार करणारी आहेत. रात्र कोठे काढायची, हा त्यांच्यापुढे केवळ सोयीचा प्रश्न आहे.

त्याच 1963 सालातील दुसरा प्रवास ख्रिस्तोफर पॉल कर्टिस या कृष्णवर्णीय लेखकाने 1995 साली ‘द वॉटसन्स गो टु बर्मिंगहॅम – 1963’ या कादंबरीत लिहिला. दहा वर्षांचा केनी, थोरला बायरन आणि धाकटी जोएटा आईबापांबरोबर मिशिगनमधील फ्लिंटहून अलाबामाला निघतात. आई प्रत्येक मुक्काम वहीत आखून ठेवते. कृष्णवर्णीयांना कोठे उतरता येईल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ 1936 पासून सुमारे तीस वर्षे निघत होते. रस्त्यालाही जात असते, ती अशी!

केनीचे वाचन इतके उत्तम की शिक्षक त्याला मोठ्या मुलांपुढे वाचायला उभे करतात. पण 15 सप्टेंबर 1963 रोजी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या. हा इतिहास कादंबरीत येतो तेव्हा केनीची बुद्धी कोणालाच वाचवू शकत नाही. जोएटा त्या वेळी चर्चबाहेर पडलेली असते, म्हणून वाचते. परतल्यावर केनी कोचामागे लपून बसतो. साहसकथेचा साचा येथे मोडतो आणि मला या कृतीचे मोल येथेच दिसते. आधीच्या प्रकरणांतील विनोद काहींना उथळ वाटेल. परंतु त्या हसण्याशिवाय हे मौन इतके जड झाले नसते.

तरीही माझा एक आक्षेप आहे. मे 1963 मध्ये बर्मिंगहॅमची शाळकरी मुले हजारोंनी रस्त्यावर उतरली, तुरुंगात गेली. ती लढणारी मुले या कथानकात नाहीत. येथील मुले सोसतात, सावरतात. पण लढ्यात उतरत नाहीत.

आपल्या वाचकांना हा प्रवास परका वाटू नये. 1901 च्या सुमारास लहानगा भीमराव घरातल्या मुलांसह वडिलांना भेटायला मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. जवळ अन्न होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. भावंडांच्या प्रवासाची ही कथा आपल्या बालवाङ्मयाच्या चर्चेत का नसावी? शिक्षकांनी मुलांच्या हाती साहसकथा जरूर द्यावी. मात्र रस्ता कोणासाठी मोकळा होता, हेही त्यांना विचारायला शिकवावे.