राक्षसाने कोणत्या भाषेत बोलावे?

राक्षस आपल्या वाङ्मयात जुना आहे; पण त्याला नव्याने लिहून काढण्याचे काम क्वचितच कोणी अंगावर घेतो. यंदा ते आमच्या भागातल्या कॉलेजात जाणाऱ्या चार मुलांनी घेतले आणि त्यांची दोनशे पानी वही माझ्याकडे वाचायला आली. वही एका खेळाची आहे. या खेळात एक जण कथा सांगत जातो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलतात आणि घाव बसला की हुकला हे फासे टाकून ठरते. सोंग आणि सारीपाट यांची सांगड म्हणा. खेळाचा देश मुलांनी स्वतः रचला आहे आणि त्या देशात राक्षसांची एक कुळी आहे. वही छापलेली नसली तरी ती एक रचना आहे. तिचा विचार साहित्य म्हणूनच व्हावा असे मला वाटते.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली बाजारात आणला. आपला राक्षस लवकरच त्यात शिरला. १९७७ च्या त्यांच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो आहे. पण कसा? डोके वाघाचे, अंगात उंची कपडे, हातात चिलीम. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे पंजे उलटे झाले. मंतरलेल्या बाणाने तो मरतो आणि स्वभावाच्या रकान्यात 'दुष्ट' असा शिक्का आहे. चित्र झकास आहे यात वाद नाही. पण त्याला नवनिर्मिती म्हणायला मी तयार नाही. मुखवटा बदलला, आतला मनुष्य तसाच राहिला. राक्षस भेटला की मारायचा, त्याचे धन घ्यायचे आणि पुढच्या दालनात जायचे, एवढाच त्याचा उपयोग.

संपूर्ण कुळीला जन्मतः दुष्ट ठरवणे बरे नव्हे, हे त्या खेळाच्या मालकांनाही उमगले. २०२० साली त्यांनी ऑर्क वगैरे कुळींचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्दच गेला. हे चांगले झाले. मात्र आपल्या मुलांनी त्यासाठी तिकडे पाहायची गरज नाही. हा विचार आपल्या घरात केव्हापासून आहे.

वाल्मीकीच्या उत्तरकांडात राक्षसांच्या जन्माची कथा आहे. प्रजापतीने आधी पाणी निर्माण केले आणि त्याच्या रक्षणासाठी काही प्राणी. 'आम्ही राखू' असे ज्यांनी म्हटले ते राक्षस झाले. म्हणजे मुळात राक्षस हा पाण्याचा राखणदार. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त याच शब्दाचा धागा उचलला. राक्षस म्हणजे रक्षक, या भूमीचे मूळचे राखणदार. त्यांना हरवणाऱ्यांनी नंतर त्या शब्दाला काळे फासले, अशी त्यांची मांडणी. फुल्यांची व्युत्पत्ती कोणाला पटो न पटो. पण त्यांनी राक्षसाचा चेहरा बदलला नाही, कथा सांगणारा बदलला. नवनिर्मिती म्हणतात ती ही.

आपल्या दख्खनच्या कथांत आणखी एक गोष्ट आहे, आणि वही वाचताना ती मला फार महत्त्वाची वाटली. आपला राक्षस मरताना काहीतरी मागतो आणि जिंकणाऱ्याला ते द्यावे लागते. बिदर शहरालगतच्या झरणी नरसिंहाला आपण छातीइतक्या पाण्यातून, अंधाऱ्या भुयारातून जातो. ते पाणी म्हणजे जलासुर, अशी तिथली कथा. नरसिंहाने त्याला मारले, तो पाणी होऊन देवाच्या पायाशी वाहू लागला आणि त्याचे नाव देवाच्या नावाआधी लागले. भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा. त्याने मणी आणि मल्ल हे दोन भाऊ मारले. मणीने पश्चात्तापाने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवळात जागा मागितली. ती त्याला मिळाली. मल्लाविषयी कथेचे पाठ निरनिराळे आहेत. एका पाठात तो मरतानाही जगाचा संहारच मागतो आणि त्याचे डोके देवळाच्या पायरीशी जाते. सख्खे भाऊ, पण स्वभाव दोन. कुळीला एकच स्वभाव असतो हे म्हणणे इथेच मोडीत निघते. तरीही 'मल्हारी' म्हणजे मल्लाचा अरी. हरलेल्याचे नाव घेतल्याशिवाय देवाचे नाव पुरे होत नाही.

दिवाळीचेही तेच. नरकासुराने आपल्या मरणाच्या दिवशी लोकांनी मंगलस्नान करावे, दिवे लावावेत असे मागितले म्हणतात, म्हणून आपण पहाटे उठतो. पाडव्याला तर पाताळात घातलेल्या बळीचेच राज्य येवो म्हणून घरोघरी इच्छा करतात.

आता वहीकडे वळू. मुलांच्या राक्षसाला वाघाचे डोके नाही. तो सुरंग बावडीत राहतो. बिदरची ही बहमनी काळातली पाण्याची योजना वाचकांना ठाऊक असेल: जमिनीखालून हलक्या उताराने नेलेला पाट आणि त्यावर ठरावीक अंतराने खोदलेल्या उभ्या विहिरी. वहीत प्रत्येक विहिरीला एक राक्षस आहे. पहिली घागर त्याची. ती दिली तर पाणी पुढे जाते, चुकवली तर पाट बुजतो. उत्तरकांड न वाचताही मुले त्याच ठिकाणी पोचली. पाण्यासाठी उन्हाळा काढलेल्या मुलांनाच हे सुचावे. वहीतला हा सर्वांत कसदार भाग आहे.

उणीव दोन ठिकाणी आहे. पहिली अशी, की राक्षस मेला की खेळात त्याचे काहीच उरत नाही. अमेरिकन पुस्तकाचा हिशेब तसाच उतरला आहे. इथे एक नियम हवा. राक्षसाला मारणाऱ्या पात्राने त्याचे एक मागणे ऐकावे आणि ते खेळ संपेपर्यंत पाळावे. मग तलवार उपसण्यापूर्वी खेळणारा दहादा विचार करील. मणी मागेल की मल्ल मागेल, हे फाशांवर सोडावे.

दुसरी उणीव भाषेची आहे आणि ती मला जास्त लागली. वहीतले वीर छापील पुण्याची मराठी बोलतात. राक्षस मात्र 'येऊ लालो', 'नक्को', 'हौ' म्हणतात आणि मधूनच कन्नड शब्द टाकतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात जी बोली चालते ती राक्षसाची ठरली! मुलांनी हे हेतुपुरस्सर केलेले नाही. नाटक-सिनेमात हास्यास्पद आणि दांडगट पात्रांना खेड्यातली बोली द्यायची रीत त्यांनी पाहिली आहे, ती नकळत उतरली. पण १९५६ पासून आपण ज्या दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहतो, तिथे हा प्रश्न किरकोळ नाही. इकडे आपल्या कन्नडला हसतात, तिकडे आपल्या मराठीला. त्यात आपल्याच मुलांनी आपली बोली शत्रूच्या तोंडी घालावी, हे बरे नव्हे.

खरे तर या भागात राक्षस रंगवायला शब्दांची काय कमी? 'देव' हाच शब्द घ्या. मराठीत तो पूजेचा. दखनीतल्या किस्से-कहाण्यांत 'देव' म्हणजे अक्राळविक्राळ दैत्य. कन्नडमध्ये 'देवरु' म्हणजे ईश्वर, तर 'देव्व' म्हणजे भूत. बिदरच्या बाजारात दहा पावले चालले की एकाच शब्दाचा देव होतो, दैत्य होतो, भूत होतो. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे भांडवल सहज मिळायचे नाही. आपल्या मुलांच्या ते कानावर रोज पडते. वहीत एकाच विहिरीच्या राखणदाराला एका गल्लीत देव म्हणतात आणि दुसरीत देव्व, एवढे जरी घातले, तरी तो राक्षस वाघाच्या डोक्यापेक्षा शतपटीने नवा होईल.

तेव्हा मुलांना माझे सांगणे एवढेच: राक्षसाची बोली काढून घेऊ नका, तीच वीरालाही द्या. दोघे एकाच विहिरीचे पाणी पितात, तर भांडणही एकाच भाषेत होऊ द्या. आणि तो पडला की त्याला विचारा, तुला काय पाहिजे? त्याचे उत्तर कन्नडमधून आले तर दुभाषा शोधावा लागणार नाही. ते समजणारे आपल्या प्रत्येक घरात आहे.