सोळा गुणिले नऊ : व्यक्तिमत्त्वाच्या खणांचे गणित

दोन मित्रांची रास एकच, पण एक शांत तर दुसरा तापट. असे का, म्हणून ज्योतिषाला विचारले तर तो मुळीच गोंधळत नाही. 'रास एक असली तरी लग्न वेगळे आहे,' असे तो सांगतो. बारा राशी आणि बारा लग्ने मिळून १४४ जोड्या होतात. तेवढ्यानेही भागले नाही तर नक्षत्रे आहेत, नक्षत्रांचे चरण आहेत. उत्तर कधी कमी पडत नाही.

हे आठवण्याचे कारण असे. व्यवस्थापनाच्या शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या फुकट प्रश्नावल्यांतून 'मायर्स-ब्रिग्ज' पद्धतीच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या आता आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचल्या आहेत. या पद्धतीत माणसांचे सोळा प्रकार मानले जातात. मग एकाच प्रकारातली माणसे एकमेकांपासून इतकी वेगळी का, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनाही पडतो. त्याचे उत्तर देण्यासाठी 'एनिअग्राम' ही दुसरी पद्धत तिच्या जोडीला घेतली जाते. तिच्यात नऊ प्रकार आहेत. सोळा गुणिले नऊ म्हणजे पुन्हा १४४! आकडा जुळला हा योगायोगच. पण युक्तीही तीच आहे का, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

दोन पद्धती, दोन घराणी

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्व प्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला व १९२३ साली तो इंग्रजीत आला. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज या गृहिणीने तो वाचला. पुढे त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्याला त्याला मानवेल असे काम मिळावे या हेतूने, त्यावरून प्रश्नावली रचली. दोघींचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. १९६२ साली ईटीएस या अमेरिकन परीक्षासंस्थेने या प्रश्नावलीची पुस्तिका छापली. अंतर्मुख की बहिर्मुख, इंद्रियांनी मिळालेल्या तपशिलावर भर की अंतर्ज्ञानावर, निर्णय विचाराने की भावनेने, आणि आखून-रेखून वागणे की वेळ येईल तसे वागणे, अशा चार जोड्या तिच्यात आहेत. प्रत्येक जोडीतून एक अक्षर मिळते आणि चार अक्षरांचा एक 'प्रकार' तयार होतो.

एनिअग्रामचे घराणे निराळे. ग्रीक भाषेत 'एनिअ' म्हणजे नऊ. नऊ टोकांची ही आकृती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या शिकवणीत होती, पण तिथे तिचा संबंध स्वभावाच्या प्रकारांशी नव्हता. बोलिव्हियात जन्मलेले ऑस्कर इचाझो यांनी तो जोडला. १९७० साली चिलीतील आरिका या गावी त्यांच्याकडे शिकलेले मनोविकारतज्ज्ञ क्लाउडिओ नारांहो यांनी ही पद्धत कॅलिफोर्नियात नेली. तिथून धार्मिक साधना-शिबिरांतून, आणि १९८० नंतर लोकप्रिय पुस्तकांतून ती पसरली. सुधारक, मदतनीस, यशाकांक्षी, आत्ममग्न, अभ्यासू, निष्ठावान, उत्साही, झुंजार आणि शांतताप्रिय असे तिचे नऊ प्रकार मराठीत सांगता येतील.

जोडणी कशी केली जाते?

जोडणी करणाऱ्यांचे म्हणणे प्रथम नीट समजून घेऊ. ते म्हणतात, मायर्स-ब्रिग्ज पद्धत माणूस 'कसा' विचार करतो ते सांगते आणि एनिअग्राम तो 'का' तसे वागतो ते सांगते. पहिलीत रीत आहे, दुसरीत प्रेरणा.

उदाहरणार्थ 'आय-एन-एफ-पी' हा प्रकार घ्या. म्हणजे अंतर्मुख, अंतर्ज्ञानावर विसंबणारी, भावनेने निर्णय करणारी, फारसे आखून न वागणारी व्यक्ती. समजा, अशा तीन मुलींनी मिळून स्नेहसंमेलनासाठी नाटुकले लिहिले आणि सरांनी त्यांना न विचारता शेवट बदलला. पहिली दुखावते, 'मला कुणी समजूनच घेत नाही' म्हणते आणि घरी जाऊन स्वतःचे वेगळे नाटुकले लिहिते. ती एनिअग्रामची 'चार', म्हणजे आत्ममग्न. दुसरीलाही शेवट आवडलेला नसतो, पण वाद नको म्हणून ती 'चालेल' म्हणते. ती 'नऊ', म्हणजे शांतताप्रिय. तिसरी रात्रभर विचार करते की सर आपल्यावर रागावले तर नाहीत ना. ती 'सहा', म्हणजे निष्ठावान, पण सतत साशंक. चार अक्षरे एकच, वागणे तीन तऱ्हांचे.

हे वर्णन पटते. अशा तिघीजणी आपल्या वर्गातही दाखवता येतील. वागण्यामागचे कारण शोधावे, ही सूचनाही चांगली आहे. गृहपाठ वेळेवर आणणाऱ्या दोन मुलांपैकी एक गोडीने आणतो, दुसरा धाकाने. हे ज्या शिक्षकाला दिसते तो चांगला शिक्षक. एनिअग्रामच्या चाहत्यांना या गोष्टीचे श्रेय आम्ही जरूर देऊ. मात्र प्रश्न चांगला असला म्हणून त्याची नऊच उत्तरे आहेत असे सिद्ध होत नाही. शिवाय त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. एकाच प्रकारातला हा फरक मुळात आला कोठून?

फरक आपणच झाकून ठेवला

साधे उदाहरण घेऊ. वर्गातल्या साठ मुलांची उंची मोजली. १५० सेंटिमीटरवर रेघ मारली. वरचे सारे 'उंच', खालचे सारे 'बुटके'. आता १४९ आणि १५१ सेंटिमीटरची दोन मुले, जी शेजारी उभी केली तर फरक कळणार नाही, ती वेगवेगळ्या खणांत पडली. उलट १५१ आणि १७२ सेंटिमीटरची मुले एकाच खणात आली. नंतर कोणी विचारले, 'दोघेही उंच, तरी त्यांच्यात एवढा फरक का?' तर त्यासाठी नवा सिद्धांत लागत नाही. मोजपट्टीवरचे आकडे आपणच टाकून दिले आणि फक्त खणाचे नाव ठेवले, एवढेच त्याचे कारण आहे.

मायर्स-ब्रिग्ज चाचणीत नेमके हेच घडते. खरोखर अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन जाती असत्या, तर गुणांच्या आलेखाला उंटासारखी दोन वशिंडे दिसली असती. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात आणि दोन्ही टोकांकडे संख्या कमी होत जाते. म्हणजे रेघ अशा जागी मारली जाते, जिथे गर्दी सर्वांत जास्त आहे.

याचा परिणाम विश्वसनीयतेवर होतो. १९९३ साली डेव्हिड पिटेन्जर यांनी घेतलेल्या आढाव्यात पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर सुमारे निम्म्या लोकांचे निदान एक तरी अक्षर बदलले, असे नमूद केले आहे. हे आश्चर्यकारक नाही. प्रत्येक अक्षर टिकण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तर चारही अक्षरे टिकण्याची शक्यता ०.८५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ५२ टक्के येते. पाया असा हलणारा असताना त्याच्यावर नऊ खणांचा दुसरा मजला चढवला जात आहे.

निसटलेला पाचवा घटक

तरीही सगळा फरक रेघेमुळेच असतो असे नाही. १९८९ साली रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कॉस्टा या अमेरिकन संशोधकांनी मायर्स-ब्रिग्जच्या चार मापांची तुलना मानसशास्त्रात आज अधिक मान्य असलेल्या पाच घटकांशी केली. बहिर्मुखता, अनुभवांविषयीचा खुलेपणा, सौहार्द आणि कर्तव्यदक्षता या चार घटकांशी त्या चार मापांचा संबंध आढळला. पाचवा घटक म्हणजे भावनिक अस्थिरता : चिंता, भीती, चटकन खचून जाणे. त्याच्यासाठी मायर्स-ब्रिग्जमध्ये जागाच नव्हती.

आता आपल्या तीन मुलींकडे पुन्हा पाहा. एक खचते, एक निवांत राहते, एक काळजी करते. त्यांच्यातला फरक बराचसा याच पाचव्या घटकाचा आहे! एनिअग्रामची 'चार' आणि 'सहा' यांची वर्णने उघडली की दुःख, उणीव, भय, शंका हेच शब्द पुन:पुन्हा भेटतात. आमच्या मते ही जोडणी लोकांना पटते याचे मोठे कारण इथे आहे. पहिल्या पद्धतीने बाहेर ठेवलेली काळजी दुसरी पद्धत मागच्या दाराने आत आणते. पण ती मोजपट्टीच्या रूपाने येत नाही, पुन्हा खणांच्या रूपाने येते. त्यामुळे १४९ आणि १५१ ची अडचण परत उभी राहते.

आणि हे खण नऊच का? एनिअग्रामवरील संशोधनाचा विस्तृत आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांबाबतचा पुरावा त्यात संमिश्र ठरला. घटक-विश्लेषणातून बहुधा नऊपेक्षा कमीच घटक मिळतात, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्येक प्रकाराला शेजारच्या प्रकाराचा 'पंख' असतो, या कल्पनेला फारसा आधार आढळला नाही.

खण वाढवले की काय होते?

पंख धरले तर १४४ चे २८८ होतात. त्याखेरीज तीन 'सहजप्रेरणा' मानतात, त्या धरल्या तर ८६४. प्रत्येक वाढीबरोबर वर्णन अधिक नेमके वाटू लागते. एखादी व्यक्ती बसली नाही तर पंख बदलून पाहता येतो. ग्रहांची गती पृथ्वीकेंद्री कल्पनेत बसेना तेव्हा वर्तुळावर वर्तुळे चढवली गेली, ते इथे आठवते. फरक एवढाच, की त्या वर्तुळांवरून ग्रह अमुक दिवशी कुठे दिसेल याचा आकडा काढता येई आणि तो आकाशात तपासता येई. इथे तसा आकडा कोणी देत नाही.

तपासणे अवघडही होत जाते. १४४ पैकी प्रत्येक खणात अभ्यासापुरती केवळ तीस माणसे हवीत म्हटले, तरी ४,३२० माणसे लागतील, तीही सर्व खणांत सारखी वाटली गेली तर.

'पण वर्णन माझ्याशी तंतोतंत जुळले' हा अनुभव मात्र अनेकांचा असतो. त्याचे काय? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन नंतर प्रत्येकाला 'त्याचे' स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. वर्णन जुळल्यासारखे वाटणे हा पुरावा धरता येत नाही, तो यासाठी.

कसोटी कशी घ्यावी?

दाव्याची परीक्षा शक्य आहे. एकाच चार अक्षरांची पुष्कळ माणसे घ्यावीत. त्यांचा एनिअग्राम क्रमांक एकाने ठरवावा. त्यांचे प्रत्यक्ष वागणे, ज्याला हा क्रमांक ठाऊक नाही अशा परिचिताने नोंदवावे. मग तीन गोष्टींची तुलना करावी : मूळ चार मापांवरचे न कापलेले गुण, चिंतेचे माप, आणि एनिअग्राम क्रमांक. पहिल्या दोहोंवरून जेवढे सांगता येते त्याहून काही अधिक क्रमांकावरून सांगता आले, तर आम्ही आनंदाने आमचे मत बदलू. अधिक काही मिळाले नाही, तर क्रमांक अनावश्यक ठरेल.

अशा परीक्षेचा आपल्याकडचा नमुना म्हणजे डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात केलेला प्रयोग. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणाची ते ओळखायला सांगितले. खरे उत्तर ज्योतिषांपाशी नव्हते. नाणे उडवून जेवढे यश येईल त्याहून अधिक ते आले नाही. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांना याहून सोपी कसोटी लावण्याचे काही कारण नाही.

शिक्षकांसाठी

मोठी माणसे करमणूक म्हणून स्वतःला 'आय-एन-एफ-पी चार' म्हणवून घेतील, त्यात फारसे बिघडत नाही. वर्गात मात्र बिघडते. 'ती अंतर्मुख आहे, तिला वक्तृत्वात नको' असे एकदा ठरले, की तिला बोलायची संधी मिळत नाही. संधी नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून ती बोलत नाही. वर्षअखेरीस शिक्षक म्हणतात, 'पाहा, चाचणी खरी ठरली.' दहावीनंतर शाखा निवडताना चार अक्षरांवर किंवा एका क्रमांकावर विसंबणारा विद्यार्थी तर आयुष्याचा एक निर्णय अशा चाचणीवर सोपवतो, जी पाच आठवड्यांनी कदाचित वेगळे उत्तर देईल. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही चाचणी वापरू नये, असे मायर्स-ब्रिग्जच्या प्रसारकांनीच सांगितले आहे, हे लक्षात ठेवावे.

वर्गात दोन गोष्टी करून पाहता येतील. एक, उंचीचा प्रयोग : मुलांची उंची मोजा, आलेख काढा, मध्यावर रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ किती मुले आहेत ते मोजा. दुसरा फोररचा प्रयोग : 'तुम्हांला इतरांनी आपले कौतुक करावेसे वाटते, पण तुम्ही स्वतःवर टीकाही करता' अशा धर्तीची आठ-दहा वाक्ये तयार करा, प्रत्येकाचे नाव घालून सर्वांना तोच कागद द्या आणि गुण द्यायला सांगा. मग शेजाऱ्याशी कागद बदलायला सांगा. हशा ओसरला की मुलांना खरी गोष्ट जरूर सांगा, आणि चर्चेला पुरेसा वेळ ठेवा.

या प्रयोगांत आलेले आकडे आणि मुलांचे प्रश्न आम्हांला अवश्य कळवावेत.