कुठे मोजले?

जून महिना उजाडला की बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. गेल्या जूनमध्ये मीही मुलीची यादी घेऊन त्या गर्दीत शिरले. दुकानदाराने वह्या एका पातळ, हिरवट पिशवीत भरून दिल्या. पिशवीवर झाडाचे पान होते आणि खाली ठळक अक्षरांत छापले होते, 'मी प्लास्टिक नाही. मी मातीत मिसळते.' मुलीने विचारले, "आई, किती दिवसांत?" पिशवी उलटसुलट करून पाहिली. उत्तर कुठेच नव्हते.

शिक्षकमित्रहो, अशी वाक्ये आता साबणापासून मोटारीपर्यंत सर्वत्र दिसतात. आपण पाठ्यपुस्तकातले वाक्य जसे तपासतो, तसे हे वाक्य तपासून पाहू.

'मी प्लास्टिक नाही' हे पहिले विधान. अशा पिशव्या बहुधा पॉलिएस्टर जातीच्या बहुवारिकांपासून करतात. काहींत मक्याचा स्टार्च मिसळलेला असतो, तर काही घटक चक्क खनिज तेलापासून येतात. आपल्या प्लास्टिक कचरा नियमांत या पदार्थांचे नावच मुळी 'कंपोस्टेबल प्लास्टिक' असे आहे. म्हणजे पहिले विधान चुकीचे.

दुसरे विधान अधिक फसवे, कारण ते अर्धे खरे आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे. पिशवीतल्या कार्बनपैकी किमान ९० टक्के कार्बनचे १८० दिवसांत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे, अशी त्याची अट आहे. पण ही चाचणी घेतात ती सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला, ओलावा आणि हवा यांचा नीट पुरवठा असलेल्या कंपोस्टमध्ये. मोठ्या खत-प्रकल्पात एवढी उष्णता टिकते. शाळेच्या बागेतल्या कुंडीत, गटारात किंवा मुठेच्या पात्रात ती कशी टिकणार?

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी हेच तपासले. निरनिराळ्या पिशव्या त्यांनी उघड्या हवेत, मातीत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती होतीच. 'जैवविघटनशील' म्हणून विकलेली पिशवी तर तीन वर्षे मातीत राहूनही सामान वाहून नेण्याइतकी धड होती. तेव्हा 'मातीत मिसळते' हे वाक्य वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: कुठे मोजले?

हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर पुण्याशी जवळचा संबंध असलेले एक मोठे प्रकरण पाहा.

फोक्सवॅगन कंपनीने अमेरिकेत आपल्या मोटारींची जाहिरात 'क्लीन डिझेल' म्हणून केली होती. प्रयोगशाळेत त्या मोटारी खरोखरच स्वच्छ ठरत. तिथे मोटार रोलरवर उभी करतात, चाके फिरतात, पण मोटार जागची हलत नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मापनयंत्रे मोटारीतच बसवली आणि तिला रस्त्यावर चालवले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. काही मोटारींत हे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाते, असे तिचे म्हणणे होते. मोटारीच्या संगणकात एक आज्ञावली होती. सुकाणूची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा काळ, हवेचा दाब यांवरून आपली परीक्षा चालू आहे हे तिला कळे आणि तेवढ्यापुरते धूर-नियंत्रण पूर्ण क्षमतेने चाले. परीक्षा संपली की ते ढिले पडे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत अशी आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. 'क्लीन डिझेल' या जाहिरातींनी ग्राहकांना फसवले, म्हणून मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने स्वतंत्र खटला भरला.

या कंपनीचा भारतातला एक कारखाना चाकणला आहे. सरकारच्या सांगण्यावरून पुण्याच्याच 'एआरएआय' या वाहन-संशोधन संस्थेने इथल्या मोटारी तपासल्या. रस्त्यावरचा धूर आणि प्रयोगशाळेतला धूर यांत तिला तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित लवादाकडे ज्यांनी दाद मागितली, त्यांत एक शाळाशिक्षिका होती, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. ७ मार्च २०१९ रोजी लवादाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भारतात आपण कोणताही नियम मोडला नाही, रस्त्यावरच्या धुरासाठी इथे मर्यादाच ठरलेली नव्हती, अशी कंपनीची बाजू होती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाच्या सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली.

कंपनीच्या या बचावातच आपला मुद्दा आहे. मोजमाप कुठे घ्यायचे हे नियमात नसेल, तर ज्याला माल विकायचा आहे तो सोयीची जागा निवडतो. पुढे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आपल्याकडेही बंधनकारक झाली.

जाहिरातींच्या बाबतीतही नियम आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार 'हरित', 'स्वच्छ', 'पर्यावरणस्नेही' असे शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा मालाविषयी आहे, वेष्टनाविषयी की बनवण्याच्या पद्धतीविषयी, हेही सांगावे लागते. नियम चांगले आहेत. पण लाखो वेष्टने वाचायला एक प्राधिकरण पुरे पडणार नाही.

कुणी म्हणेल, थोडे वाढवून सांगितले तर बिघडले काय, पर्यावरणाचे नाव तरी घेतात! बिघडते ते असे. 'मातीत मिसळते' म्हटल्यावर पिशवी रस्त्यावर टाकताना मनाला टोचणी लागत नाही. खरोखर खर्च करून सुधारणा करणारा उद्योजक आणि नुसते पान छापणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात. शिवाय मुलांचा एक तर सगळ्यावर विश्वास बसतो, नाही तर कशावरच बसत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला दोन्ही परवडणारे नाही.

म्हणून एक उपक्रम सुचवते. प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा दावा असलेले एक वेष्टन आणायला सांगा. फळ्यावर चार रकाने आखा: काय मोजले, कुठे मोजले, कशाच्या तुलनेत, कोणी मोजले. वेष्टनावर जे छापले असेल तेवढेच रकान्यांत लिहायचे, आपल्या मनाचे काही घालायचे नाही. रिकामे राहिलेले रकाने मोजा आणि त्यांविषयी वर्गाच्या वतीने कंपनीला पत्र लिहा. दावा सरळसरळ खोटा वाटला, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे.

पत्राला उत्तर आले, तर तेही वर्गात वाचा आणि याच चार रकान्यांत बसवून पाहा. माझ्या मुलीने पिशवीवरच्या कंपनीला पत्र लिहिले आहे. प्रश्न तिचाच ठेवला, 'किती दिवसांत?' खाली मी एकच ओळ घालायला सांगितली: 'आणि कुठे?'