आधी विचारलेला प्रश्न

अतिमानवी नायकांचे चित्रपट हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे एखादा वाचक विचारील आणि त्याचे विचारणे गैर ठरणार नाही. उडणारे पुरुष, कोसळणाऱ्या इमारती आणि आधीच ठरलेला विजय, एवढ्यावर या चित्रप्रकाराचा डोलारा बहुधा उभा असतो. तरीही फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ या रायन कूगलर दिग्दर्शित चित्रपटाने चाहत्यांमध्ये जो वाद निर्माण केला, तो अद्याप शमलेला नाही. कोण अधिक बलवान, हा त्या वादाचा विषय नाही. कोणाचे म्हणणे न्याय्य, हा आहे.

वकांडा हे आफ्रिकेतील एक काल्पनिक राष्ट्र. व्हायब्रेनियम या धातूच्या बळावर ते विज्ञानात सर्वांच्या पुढे गेले आहे. परंतु जगापुढे ते दारिद्र्याचा बुरखा पांघरून उभे असते. गुलामांची जहाजे आफ्रिकेचा किनारा सोडत होती, तेव्हाही त्याने आपले दार उघडले नाही. १९९२ साली अमेरिकेतील ओकलंड शहरात वकांडाचा राजा टचाका आपल्या सख्ख्या भावाला ठार करतो. तेथील कृष्णवर्णीयांचे हाल पाहून या भावाने वकांडाची शस्त्रे त्यांच्या हाती द्यावयाचे योजिले होते. राजा त्याच्या पोरक्या मुलाला तेथेच टाकून परततो. हाच मुलगा पुढे अमेरिकी सैन्यात हत्येचे शिक्षण घेऊन किलमाँगर होतो, वकांडाचे सिंहासन जिंकतो आणि जगभरच्या पीडितांकडे शस्त्रे धाडू लागतो. त्याला अडवितो तो टचाकाचा पुत्र टचाला.

ओकलंडची निवड सहज झालेली नाही. टचालाचे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या चित्रकथेत १९६६ च्या जुलैमध्ये प्रथम अवतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात याच नावाच्या कृष्णवर्णीयांच्या राजकीय पक्षाची स्थापना ओकलंडला झाली. कूगलर त्याच शहरात जन्मले. तेथील रेल्वे स्थानकावर २००९ च्या पहिल्याच दिवशी पोलिसाच्या गोळीने मारल्या गेलेल्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणावर त्यांनी २०१३ मध्ये आपला पहिला चित्रपट केला होता. किलमाँगरच्या रागाला जी धार आहे, ती अशी ठाऊक असलेल्या भूमीतून आली आहे.

चाहत्यांचे दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते किलमाँगरचेच बरोबर होते. दुसऱ्याच्या मते साध्य योग्य असले तरी साधन अमंगळ होते. पहिल्या पक्षाच्या आक्षेपात तथ्य आहे. प्रश्न इतका खरा, की पटकथेला त्याचे उत्तर देणे जड गेले असावे. म्हणून किलमाँगर आपल्या साथीदार स्त्रीला गोळी घालतो, वृद्ध सेविकेचा गळा धरतो आणि प्रेक्षक उत्तर देण्याच्या जबाबदारीतून सुटतो. शिवाय पीडितांकडे निघालेली विमाने पाडण्याचे काम अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे सोपविले आहे. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या हत्येचा कट या खात्याने १९६० साली रचला होता, हे १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत उघड झाले. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या दृश्यात टाळ्या वाजविणे कठीण जाते.

तथापि दोन्ही पक्षांकडून एक गोष्ट निसटली आहे. किलमाँगर वकांडात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याचा प्रश्न तेथे विचारला गेलेला असतो. तो विचारते नाकिया. ती आपल्याला प्रथम दिसते नायजेरियाच्या जंगलात, पळवून नेलेल्या स्त्रियांच्या तांड्यात वेष पालटून मिसळलेली. पुढे राजधानीच्या बाजारातून टचालाबरोबर चालताना ती त्याला सांगते, की बाहेर माणसे उपाशी असताना मला येथे सुखाने राहता येत नाही. आपण इतरांना मदत करू शकतो आणि स्वतःचे रक्षणही. टचाला ऐकतो, हसतो आणि परंपरेकडे बोट दाखवितो. मागणी तीच. ती सौम्यपणे केली तेव्हा प्रेयसीचा हट्ट ठरली. शस्त्र उपसून केली तेव्हा तत्त्वज्ञान ठरली.

टचालाचे परिवर्तन हा या चित्रपटाचा सर्वोत्तम भाग आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वजांच्या लोकात उभा राहून तो आपल्या पित्याला, आणि सगळ्याच पूर्वजांना, तुम्ही चुकलात असे सुनावतो. खलनायकाकडून नायकाने सत्य शिकावे, हे या चित्रप्रकारात विरळाच. परंतु हे सत्य त्याच्या कानी पडायला आधी रक्त सांडावे लागले. अखेरीस तो ओकलंडच्या त्याच इमारतीत मदतकेंद्र उघडतो आणि त्याचे काम सोपवितो नाकियावर. म्हणजे उपाय तिचाच. श्रेय मात्र दोन चुलतभावांच्या झुंजीला.

नायकाची भूमिका करणारे चॅडविक बोझमन ऑगस्ट २०२० मध्ये निवर्तले. २०२२ च्या दुसऱ्या भागात नाकिया हैतीत शाळा चालविताना दिसते आणि तिच्या व टचालाच्या मुलाचे नाव तूसाँ असते. १७९१ साली बंड करून १८०४ मध्ये गुलामांनी स्वतंत्र केलेला हा देश, आणि हे नाव त्या लढ्याच्या सेनानीचे. दिग्दर्शकाला तिचे मोल उमगले असावे असे वाटते. परंतु येथेही तिच्या वाट्याला मोजकीच दृश्ये आली आहेत.

वर्णभेदाच्या अन्यायाविषयी बोलणारी कलाकृती कोणाचा आवाज ऐकण्याजोगा मानते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ‘ब्लॅक पँथर’ने संतापाला आवाज दिला, ही थोडी गोष्ट नव्हे. पण चाहत्यांनी पुन्हा हा वाद मांडताना बाजारातील ते छोटे दृश्य एकदा लक्षपूर्वक पाहावे. तेथे कोणीही शस्त्र उगारलेले नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.