नाच विंचवाचा, ताल कुणाचा?

वाळवंटातील जीवसृष्टीवर वर्गात काय दाखवावे, असे शिक्षक विचारतात तेव्हा वॉल्ट डिस्ने यांच्या ‘द लिव्हिंग डेझर्ट’ या चित्रपटाचे नाव हमखास निघते. जेम्स अल्गार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५३ सालचा. त्याला उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. मीही तो एका शाळेत दाखवला. संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, विंचू आनंद झाला म्हणून नाचतात का?” मुले हसली. मला हसू आले नाही. कारण तो प्रश्न चित्रपटानेच तिच्या तोंडी घातला होता.

आधी गुणांची नोंद करू. गांधीलमाशीच्या जातीचा एक मोठा कीटक आणि टॅरँट्युला कोळी यांची झुंज, सापाच्या तोंडावर वाळू उडवणारा कांगारू उंदीर, ही दृश्ये आजही खिळवून ठेवतात. वाळवंट म्हणजे ओसाड, निर्जीव जागा नव्हे, ही गोष्ट त्यांनी लाखो लोकांना पटवली. हे काम लहान नाही.

आता विंचू. नर-मादी एकमेकांच्या नांग्या धरून पुढे-मागे सरकतात, हे खरे आहे. चित्रपटात त्यावर लोकनृत्याचे संगीत चढवले आहे आणि दृश्याची काटछाट त्या तालावर केली आहे. प्रत्यक्षात नर एक योग्य जागा शोधत असतो. कठीण, सपाट जागा मिळाली की तो शुक्राणूंची पुडी तिथे चिकटवतो आणि मादीला तिच्यावर ओढून नेतो. म्हणजे हा ‘नाच’ हा एक शोध आहे. संगीताने तो शोधच झाकून टाकला. मुलीला प्रश्न पडायला हवा होता, “ते काय शोधताहेत?”

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. चित्रपटात अचानक पूर येतो आणि पुढे फुले बघता बघता उमलतात. पाऊस पडला की वाळवंट फुलले, असे समीकरण पाहणाऱ्याच्या मनात सहज पक्के होते. ते किती अपुरे आहे, हे ॲरिझोनातील टूसॉनजवळच्या सबिनो कॅन्यनमध्ये मार्च महिन्यात कळते. सांता कॅटालिना डोंगरावरील बर्फाचे पाणी तेव्हा घळीतल्या ओढ्याला असते. काठावरच्या कॉटनवुड वृक्षांना कोवळी पालवी असते. चार पावलांवर उतारावर पिवळी फुले आणि ओकोटिलोच्या काटेरी छड्यांच्या टोकांशी लाल तुरे दिसतात. त्यांवर गुंजनपक्षी येतात. शेजारचा सग्वारो निवडुंग मात्र गप्प! त्याची फुले एप्रिलअखेरीपासून उमलू लागतात, तीही रात्री. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. एकाच घळीत प्रत्येकाचे पंचांग वेगळे.

वसंतातली ही हंगामी रोपे कालच्या पावसाने उगवलेली नसतात. शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्यात पडणाऱ्या संथ, मुरणाऱ्या पावसावर ती रुजतात, थंडीभर जमिनीलगत पाने पसरून बसतात आणि ऊब वाढली की फुलतात. जुलै ते सप्टेंबरमधील वादळी पावसावर रुजणाऱ्या वनस्पती बहुतांशी निराळ्या. फ्रिट्स वेंट यांनी १९४०च्या दशकात प्रयोगांनी दाखवले, की पावसाचे प्रमाण आणि तापमान या दोन्ही अटी जुळल्या तरच ठरावीक बिया रुजतात. शिवाय एका वर्षी सगळ्या बिया रुजत नाहीत. काही मातीतच थांबतात. पुढे पावसाने दगा दिला तरी वंश टिकतो. हा हिशेब पुराच्या नाट्यापेक्षा कितीतरी रोमांचक आहे. पण तो दाखवायला धीर लागतो.

मग चित्रपट दाखवू नये का? जरूर दाखवावा, पण आवाज बंद करून! मुलांना आधी फक्त पाहू द्या, जे दिसते ते लिहू द्या. मग आवाजासह पुन्हा दाखवा आणि विचारा: कोणती गोष्ट डोळ्यांनी सांगितली आणि कोणती संगीताने? मी नंतर तसे केले. त्याच मुलीने वहीत लिहिले होते, “विंचू मागे जातो, थांबतो, पुन्हा जातो. जमीन तपासतोय का?”

वाळवंट दूर असले तरी प्रयोग जवळच आहे. मे महिन्यात माळावरची कोरडी माती चार कुंड्यांत भरा. प्रत्येकीला वेगवेगळ्या मापाने पाणी द्या आणि महिनाभर रोज अंकुर मोजा. कोणते पाणी पुरले, कोण उशिरा आले, याची नोंद मुलांनीच ठेवावी. पार्श्वसंगीताची गरज लागणार नाही.