मेल ब्रुक्स यांचें हास्य
जुलमी पुरुषाची थट्टा करावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. अमेरिकन विनोदकार मेल ब्रुक्स यांच्या दीर्घ कारकीर्दीचें मर्म आमच्या मतें याच वादांत आहे. १९२६ सालीं ब्रुकलिनमध्यें एका यहुदी कुटुंबांत जन्मलेले ब्रुक्स दुसऱ्या महायुद्धांत युरोपांत सैनिक होते. पुढें दूरचित्रवाणीसाठीं त्यांनीं विनोद लिहिले आणि १९६७ सालीं ‘द प्रोड्यूसर्स’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या पटकथेस ऑस्कर मिळालें.

त्यांत दोन लबाड निर्माते, नाटक हमखास पडावें म्हणून, हिटलरचें गुणगान करणारी संगीतिका रंगभूमीवर आणतात. प्रेक्षक प्रथम सुन्न होतात, कांहीं उठून जातात. मग हशा पिकतो आणि नाटक चालतें! ब्रुक्स येथें बळी पडलेल्यांच्या यातनांना हात लावीत नाहींत. हिटलरच्या डामडौलाची मात्र रेवडी उडवितात. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो.

तथापि एक शंका उरते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ सालीं, त्यांनीं हीच कथा ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आणली. तिला १२ टोनी पारितोषिकें मिळालीं. पण आतां प्रेक्षक हंसण्याच्या तयारीनेंच येत होता. पहिला धक्का नाहींसा झाला. उरला तो नेत्रदीपक देखावा. भय विसरून हंसणें निराळें आणि भय ओळखून हंसणें निराळें. चित्रपटांतील हास्य दुसऱ्या जातीचें आहे, म्हणूनच आम्ही तें श्रेष्ठ मानतों.