पुण्याची मंडई आणि एक जुनी हरकत

जव्हार-मोखाड्याकडील आठवडेबाजार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस बाजार भरण्याला इमारत लागत नाहीं हें निराळें सांगावयास नको. जमिनीवर अंथरलेलें फडकें, त्यावर नाचणी, वरई, रानभाजीच्या जुड्या, आणि समोरासमोर बसलेले देणारे-घेणारे एवढ्यावर बाजार उभा राहतो. पुण्याची स्थितिहि एके काळीं फार निराळी नव्हती. शनिवारवाड्यापुढील पटांगणांत शहराची भाजी विकली जात असे. म्हणून १८८६ सालीं शुक्रवार पेठेंत उघडलेल्या मंडईचें परीक्षण करतांना ‘ती सुंदर आहे काय?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. ‘तिच्यावर घातलेला पैसा योग्य ठिकाणीं पडला काय?’ हेंहि विचारलें पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. इमारत सुंदर आहे. मध्यें अष्टकोनी दालन, त्यावर उंच मनोरा, आणि त्या मध्यापासून चहूंकडे फांकलेल्या लांब भुजा अशी तिची मांडणी आहे. ही मांडणी केवळ शोभेची नव्हे. कोणत्याहि बाजूनें आंत आलेलें गिऱ्हाईक आपोआप मध्याकडे येतें आणि तेथून हवी ती वाट धरतें. दगडी भिंती, टोंकदार कमानी आणि उतरतीं छपरें यांमुळें आंत ऊन शिरत नाहीं, पण हवा खेळते. आणि पालेभाजीस याहून अधिक कांहीं नको असतें. उंच ओट्यावर तराजू धरून बसलेला विक्रेता तेथें कसा सन्मानानें बसल्यासारखा दिसतो!

मनोऱ्याविषयीं मात्र आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. त्याचा भाजीशीं कांहीं संबंध नाहीं. तो विलायती चर्चच्या शिखराचा वारस असून दुरून दिसावें हेंच त्याचें मुख्य काम. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें इमारतीस ‘रे मार्केट’ म्हणत. तें नांव मिरविण्यास मनोरा उपयोगी होता, मेथीची जुडी विकण्यास नव्हे. खर्चाचा प्रश्न येथूनच उपस्थित होतो.

तो आमच्या आधीं फार मोठ्या माणसानें उपस्थित केला होता. १८७६ ते १८८२ या काळांत जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यास त्यांनीं विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. ही हरकत बांधकाम न जाणणाऱ्याची नव्हती. फुले स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनीं दगड पुरविला होता. शेतमालाचें महत्त्व न कळणाऱ्याचीहि ती नव्हती. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनींच १८८३ सालीं लिहून पुरा केला. १८८२ सालीं हंटर शिक्षण-आयोगापुढें त्यांनीं जी तक्रार मांडली, तिच्याशीं ही हरकत एका सूत्रानें जोडलेली आहे : कर रयतेनें द्यावा आणि तिचीं मुलें मात्र शाळेबाहेर राहावीं, हा न्याय नव्हे.

मंडई झाली. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें तिला महात्मा फुले यांचें नांव मिळालें. मुंबईच्या १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटासहि आज तेंच नांव आहे. ‘रे’ जाऊन ‘फुले’ आले, याचा आनंद कोणास होणार नाहीं? तरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्यानें इमारतीस हरकत घेतली, त्याचेंच नांव तिला देणें हा गौरव खरा. परंतु तें त्या हरकतीचें उत्तर नव्हे. नांव दिलें कीं ऋण फिटलें, असें समजणें ही आम्हां लोकांची जुनी खोड आहे.

याचा पुरावा मंडईपासून चालत कांहीं मिनिटांवर आहे. बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा सुरू केली. ज्या कामासाठीं त्यांनीं पैसा मागितला, त्या कामाचें तें जन्मस्थान! तो वाडा वर्षानुवर्षें ढासळत राहिला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठीं पाडला गेला. ज्या वास्तूवर खर्च नको म्हणून ते भांडले, ती त्यांच्या नांवानें दिमाखांत उभी आहे. जी त्यांनीं आपल्या कष्टानें पवित्र केली, ती मातीस मिळाली. यांत कोणा एकाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. दगड टिकतो आणि हेतु झिजतो, एवढेंच यांतून दिसतें.

मग मंडई बांधावयास नको होती काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या हजारों विक्रेत्यांस तिनें ऊनपावसांत छप्पर दिलें. पुणेकर जिला गमतीनें ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, ती राजकारणाची चर्चाहि तिच्याच सावलींत वाढली. घाऊक व्यापार गुलटेकडीस गेला, २०२४ सालीं शेजारीं भुयारी मेट्रोचें स्थानक झालें. तरी किरकोळ भाजी घ्यावयास लोक तेथें येतातच. इमारतीनें आपल्यावरील खर्चाचें समर्थन आपल्या सेवेनें पुष्कळ अंशीं केलें आहे.

फुल्यांची हरकत मात्र अद्याप शिल्लक आहे, कारण तिचें उत्तर दगडानें देतां येण्यासारखें नव्हतेंच. तें शाळेनेंच द्यावयाचें आहे. तोंवर मंडईच्या दारीं त्यांच्या नांवाखालीं एवढें तरी ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें कीं, या इमारतीस यांचा विरोध होता, आणि तो कशासाठीं होता. भाजीची पिशवी घेऊन आंत शिरणाऱ्या एखाद्या मुलीनें तें आपल्या आईस वाचून दाखविलें, तर त्या नांवाचें चीज झालें असें आम्ही समजूं.